भिंतीचा शॉट

तात्या,

नांद्याच्या चौकात तुमचा फ्लेक्स लागला आहे. वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, कोपऱ्यात पणती, खाली मंडळाच्या पोरांची नावं आणि मधोमध तुम्ही, सरळ कॅमेऱ्यात बघताय. पंचवीस वर्षं लग्नांमध्ये “कॅमेऱ्यात बगू नका, नवरीकडं बगा” असं करवल्यांपासून पुढाऱ्यांपर्यंत सगळ्यांवर खेकसत आलेला माणूस आता येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्याला डोळा भिडवून उभा आहे. हिंजवडीहून घरी जाताना त्या वळणावर स्कूटर हळू करावीच लागते. परवा मी सूसच्या रस्त्याने वळसा घालून गेले. पाऊण तास जास्त लागला. काल पुन्हा चौकातूनच आले, पण हेल्मेटची काच खाली ओढून.

तो फोटो माझ्याकडून गेला आहे. तो माझ्याकडे कसा होता आणि तीन वर्षं मी तो का दडवून ठेवला, हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणणंही खोटंच. मी सांगितलं नाही. तुम्ही असता तर इथेच मला थांबवलं असतंत, “म्याडम, आदी मांडव दाखवा, मंग मान्सं, मंग डोळं. तुमी डोळ्यांपासून सुरू करता आन् बघनारा इचारत बसतो, लगीन कुटं हाय?” बरं. मांडवापासून सांगते.

मी वाशीमहून नोकरीला आले आणि तुमच्या वरच्या मजल्यावरची खोली भाड्याने घेतली. कंपनीत माझं काम दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका काढण्याचं, आणि ते काम मी घरीही आणायचे. सुट्टीच्या दिवशी लॅपटॉपवर सिनेमे बघायचे, सिनेमा कसा करतात याचे व्हिडिओ बघायचे, वहीत मोठमोठे शब्द लिहून ठेवायचे. खाली तुमच्या ओसरीत तुम्ही लग्नांचं एडिटिंग करत बसायचात आणि जिन्यावरून उतरताना तुमच्या पडद्यावर नवरा-नवरी कमळातून उमलताना दिसायचे. मी हसायचे. तुम्हाला ते हसणं दिसत होतं हे मला पुष्कळ नंतर कळलं.

एकदा तुम्हीच विचारलंत, “म्याडम, रैवारी काय करता?” तुम्हाला एक बाई हवी होती. नवरी तयार होते त्या खोलीत बायका तुम्हाला उंबऱ्यातही उभं राहू देत नसत, आणि आजकाल गिऱ्हाइकाला बांगड्या भरताना, डोळ्यांत काजळ घालताना, सगळंच पाहिजे असतं. “तुमी आत जावा, मी भायेर बगतो. कॅमेरा मी शिकवीन.” मी मनात म्हटलं, हे मला काय शिकवणार.

भूगावच्या लॉन्सवरच्या पहिल्याच लग्नात मी नवरदेवाचा तुरा कापला. म्हणजे फ्रेममध्ये. कपाळाच्या वर बोटभर जागा ठेवायची, असं माझ्या वहीत होतं, तशी मी ठेवली होती. तुम्ही पडद्यावर बघितलंत आणि डोक्याला हात लावलात. “म्याडम, नवऱ्याच्या बापानं फेटं बांदाया खास मानूस आनलाय, आन् तुमी तुराच उडवला. डोक्यावर जागा डोक्याची न्हाई, फेट्याची ठेवायची आस्ती.” मी म्हटलं, “हे पुस्तकात नाही.” तुम्ही म्हणालात, “पुस्तकात फेटं कुटं बांदत्यात?” आणि जेवायला निघून गेलात.

मग गच्चीवरचा तो दिवस. मी शूट केलेल्या एका लग्नात मंगलाष्टकांच्या वेळी मी मांडवभर फिरले होते, कधी या बाजूने, कधी त्या बाजूने. तुम्ही घरी आल्यावर काकूंना हाक मारलीत, कपडे वाळत घालायच्या तारेवर जुनी चादर टाकलीत आणि म्हणालात, हा अंतरपाट. चादरीच्या एका अंगाला मला नवरी म्हणून उभं केलंत, दुसऱ्या अंगाला काकूंना नवरा म्हणून. काकू कुरकुरत होत्या, “ग्यासवर दूध हाय, आन् ह्या वयात मला नवरा करून ठिवलंय.” तुम्ही एका बाजूने दोघींचे शॉट घेतलेत, मग काकूंच्या पाठीमागून वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेलात आणि तिकडून पुन्हा काकूंचा घेतलात. जोडून दाखवलंत तेव्हा पडद्यावर मी आणि काकू एकाच दिशेला तोंड करून उभ्या.

“बगा,” तुम्ही म्हणालात. “ह्याला लगीन म्हनायचं का एष्टीची लाइन?”

काकू इतक्या हसल्या की दूध उतू गेलं. तुम्ही समजावून सांगितलंत की नवऱ्याच्या नाकापासून नवरीच्या नाकापर्यंत एक दोरी ताणलेली आहे असं धरायचं, आणि एकदा दोरीच्या ज्या बाजूला उभं राहिलं त्याच बाजूला राहायचं. माझ्या वहीत या नियमाला लांबलचक नाव होतं, आकृती होती, अंश होते. तुमच्याकडे त्याला एकच शब्द होता, ‘बाजू’. दर लग्नाला कॅमेरा हातात देताना तुम्ही म्हणायचात, “बाजू सोडायची न्हाई.” मी मान डोलवायचे.

दोन हंगाम मी तुमच्याबरोबर फिरले. माणूस जिकडे बघतोय तिकडे नाकापुढे जागा ठेवायची, त्याला त्या जागेत श्वास घेऊ द्यायचा, हे तुमच्याकडून शिकले. पाठवणीला नवरीचा बाप रडायला लागला की कॅमेरा हळूच खाली त्याच्या चपलांवर न्यायचा, हेही. “रडनं आपुन इकायचं न्हाई,” म्हणायचात. कमळावरून मात्र आपली कायम भांडणं. मी म्हणायचे, तात्या, हे कमळ काढा, लोक हसतात. तुम्ही म्हणायचात, “हसनारं तुमच्या कंपनीतलं. गिऱ्हाईकाची आई कमळ बघून रडती.” तुमचं बरोबर होतं. मी स्वतः एका आईला रडताना बघितलं आहे, तुम्हाला सांगितलं नाही इतकंच.

मग मला स्वतःची फिल्म करायची हौस आली. सतरा मिनिटांची. एका सोसायटीतली नव्याने राहायला आलेली बाई, गेटवरचा वॉचमन, आणि अगदी शेवटी कंपाउंडच्या भिंतीपाशी येऊन उभा राहणारा एक म्हातारा, ज्याच्या शेतावर ती सोसायटी उभी आहे. बाईचं काम कंपनीतल्या मैत्रिणीने केलं, वॉचमनचं एका खऱ्या वॉचमनने. म्हाताऱ्यासाठी मी तुम्हाला विचारलं. तुमच्या वाटणीचं रस्त्याकडेचं वावर गेलेलं होतं, तिथे आता सात मजले उभे आहेत, हे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच विचारलं. तुम्ही म्हणालात, “मला आक्टिंग येत न्हाई.” मी म्हटलं, “नुसतं उभं राहायचं आहे.” कॅमेरा तुमचा, ट्रायपॉड तुमचा, मेमरी कार्डही तुमचंच. माझी फक्त गोष्ट होती आणि तीही निम्मी तुमचीच.

त्या फिल्ममध्ये मी नियम मोडायला बसले होते. मांडव आधी दाखवायचा नाही, डोळ्यांपासूनच सुरुवात करायची. नाकापुढची जागा काढून टाकायची, माणसं फ्रेमच्या कडेला चेपायची. आणि बाई व वॉचमन बोलतात त्या प्रसंगात दोरी ओलांडायची, म्हणजे दोघं समोरासमोर असून एकमेकांकडे बघत नाहीत असं वाटेल. तुम्ही ओसरीत बसून हे सगळं ऐकून घेतलंत. मला वाटलं, चिडाल. तुम्ही तंबाखू मळत म्हणालात, “मोडा की. कोन न्हाई म्हनतंय? पर दोरी वलांडायची तर सगळ्यांच्या देखत वलांडा. कॅमेरा चालत न्या ह्या बाजूनं त्या बाजूला, बघनाऱ्याला कळू द्या की आता बाजू बदलली. मधीच कट मारून पल्याड गेलात तर ती चोरी झाली.”

मी म्हटलं, “पण मला प्रेक्षकाला गोंधळातच टाकायचं असेल तर?”

“मंग तुमी गोंधळात न्हाई ना, ते आदी बगा,” तुम्ही म्हणालात, आणि तेवढ्यात कुणाचा तरी फोन आला. तो वाद तिथेच राहिला. मी कट मारूनच ओलांडली.

शेवटचा शॉट तुमच्या जुन्या वावराच्या कडेला, भिंतीपाशी. ठरलं होतं असं: आधी नुसती रिकामी भिंत, आठ-दहा सेकंद. मग डावीकडून तुम्ही चालत येणार, थांबणार, भिंतीकडे बघणार, निघून जाणार. एकच सलग शॉट. कॅमेऱ्यामागे मी होते. तुम्ही आलात, थांबलात, भिंतीकडे बघितलंत. मग मान वळवलीत आणि सरळ लेन्समध्ये बघितलंत. अर्धा मिनिट असेल. डोळ्यांत पाणी नाही, राग नाही. वावरातून कुणी अनोळखी माणूस चाललेला दिसला की शेतकरी जसा हात कमरेवर ठेवून ‘कोण तुम्ही’ म्हणून बघतो, तसं. मी कॅमेऱ्यामागून डोकं काढलं. मला तिथे उभं राहवेना.

“तात्या, कॅमेऱ्यात बघितलंत.”

“व्हय.”

“पुन्हा घेऊ या.”

“न्हाई. पुन्ना न्हाई.” तुम्ही ट्रायपॉडचे पाय मिटायला लागलात. “पंचवीस वर्सं लोकास्नी सांगतुया, हिकडं बगू नका. आज एकडाव मला बगू द्या.”

एडिटिंगला मी तो शॉट पूर्ण लावला. तीन दिवस तो फिल्ममध्ये होता. मग कंपनीतल्या मैत्रिणीला कच्ची फिल्म दाखवली, तर ती म्हणाली, “अगं, शेवटचे काका कोण? त्यांनी बघितलं ना, मी मागचं सगळं विसरले.” तिने कौतुक म्हणून सांगितलं. माझ्या अंगाची आग झाली. सतरा मिनिटांत मी जेवढे नियम मोडले होते ते सगळे शिकून मोडले होते, कुठला कसा मोडायचा याचेही व्हिडिओ बघितले होते. तुम्ही एकच मोडलात, न सांगता, आणि त्यापुढे माझं सगळं पोरकट दिसायला लागलं. मला हेवा वाटला, तात्या. ज्या माणसाने हातात कॅमेरा दिला त्याचा. त्याच संध्याकाळी मी तो शॉट मधोमध कापला. सुरुवातीची आठ सेकंद, रिकामी भिंत, ठेवली. तुम्ही येता तिथपासून पुढचं काढून टाकलं.

चार दिवसांनी जिन्यात तुम्ही विचारलंत, “माजं कसं दिसतंय?” किती लाजत विचारलंत. पन्नाशी उलटलेला माणूस, हातात दुधाची पिशवी. मी सांगू शकले असते की शॉट बसत नव्हता, काढला. तुम्ही हसून सोडून दिलं असतंत. मी म्हटलं, “तात्या, तुमचा शॉट गेला. कार्ड उडालं.”

या धंद्यात नसलेल्या माणसाला या वाक्याचा अर्थ कळायचा नाही. लग्न पुन्हा लागत नाही. कार्ड उडालं म्हणजे कुणाची तरी मंगलाष्टकं, कुणाची तरी पाठवण कायमची गेली. तुमचं एकही लग्न कधी गेलं नव्हतं, कॅसेटच्या काळापासून, आणि हे तुम्ही चारचौघांत छाती पुढे काढून सांगायचात. तुमचा चेहरा पडला. “आना बगू कार्ड,” म्हणालात, “काडून बगतो काय निगतंय का.”

तेव्हा मी घाबरले. कार्ड खोलीत होतं आणि त्यात सगळं धडधाकट होतं. मी म्हटलं, ऑफिसात राहिलंय, उद्या आणते. मग ते सगळं माझ्या हार्ड डिस्कवर काढून घेतलं, कार्ड पुसलं, जुनं काही परत निघू नये म्हणून त्यावर निरर्थक फायली काठोकाठ भरल्या, त्याही पुसल्या, आणि रिकामं कार्ड तुमच्या हातात ठेवलं. चुका शोधून पोट भरणारी बाई मी, चूक कशी लपवायची ते मला चांगलं येत होतं. तुम्ही चार संध्याकाळी ओसरीत त्या कार्डाशी झटत बसलात. जेवायलाही उठत नव्हतात म्हणून काकू ताट तिथेच आणून द्यायच्या. पाचव्या दिवशी तुम्ही जिना चढून वर आलात. एरवी तुम्ही कधी वर येत नसा.

“म्याडम, माज्या कार्डापायी तुमचं नुसकान झालं. माफ करा.”

आणि मी काय म्हणाले असेन? “जाऊ द्या तात्या, होतं असं.” मी तुम्हाला माफ केलं. मी, तुम्हाला.

त्या हंगामात तुम्ही एक नवीन वाक्य बोलायला लागलात. लग्न ठरवायला माणसं ओसरीत आली की चहा यायच्या आत तुम्ही सांगायचात, “एक सांगून ठिवतो. माज्याकडनं एकडाव कार्ड उडालंय.” कुणी विचारलेलं नसायचं. घोटावड्याची एक पार्टी ते ऐकून चहा घेऊन गेली आणि नंतर आलीच नाही. लवळ्याच्या लोकांनी दुसरा माणूस बघितला. मी दोनदा तिथेच बसले होते, तुमच्या शेजारी, चहाचा कप हातात घेऊन. काकू एकदा मला म्हणाल्या, “ह्यांनी धसकाच घेतलाय बग त्या कार्डाचा.” मी काकूंना म्हटलं, वयानुसार होतं. हे वाक्य मी खरंच म्हटलं, तात्या.

सहा महिन्यांनी पुण्यात एका लहानशा हॉलमध्ये फिल्म दाखवली. रविवारची सकाळ होती. तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून, काकू लग्नाकार्यातली साडी नेसून, चौथ्या रांगेत बसलात. फिल्म संपली, टाळ्या झाल्या, मला पुढे बोलावलं. कुणीतरी विचारलं, इतके नियम मोडायचं धाडस कुठून आलं? मी म्हटलं, नियम मोडायला आधी ते नीट शिकावे लागतात. कुणाकडून शिकले, ते मी बोलले नाही. माईक हातात होता, तुम्ही समोर होतात. मी तुमच्याकडे न बघता तुमच्या डोक्यावरच्या पंख्याकडे बघत होते.

येताना तुमच्याच व्हॅनमध्ये. काकूंना मागे डुलकी लागलेली. चांदणी चौक मागे पडला. मग समोर रस्त्याकडे बघतच म्हणालात, “भिंतीचा शॉट चांगला लागलाय.”

“थँक्यू तात्या,” मी म्हटलं. मला आनंद झाला होता. तुम्ही सहसा कौतुक करत नसा.

त्यानंतर तुम्ही ते कार्डाचं वाक्य म्हणणं बंद केलंत. मला वाटलं, विसरलात. सुटले एकदाची, असंही वाटलं. मी भूगावला फ्लॅट घेतला, खोली सोडली. रविवारी लग्नांना येणं आधी कमी झालं, मग थांबलं. तुम्ही फोन करायचात, “म्याडम, भात काडलाय, इंद्रायनी घिऊन जावा.” मी म्हणायचे, या रविवारी नक्की. काकूंनी तांदूळ शेवटी कुणाच्या तरी हाती पाठवून दिला. तो अजून डब्यात आहे थोडा.

तुम्ही गेलात हे रेश्माने, तुमच्या मुलीने, फोन करून सांगितलं. दुपारी जेवून पडलात ते उठलाच नाहीत. मी तशीच ऑफिसमधून निघाले. तिसऱ्या दिवशी पुन्हा गेले, तेव्हा ओसरीत फ्लेक्सवाला बसला होता आणि घरभर तुमचा फोटो शोधणं चाललं होतं. शेकडो लग्नं काढलीत, पण तुमचा चेहरा कुठे सापडेना. कुठे आरशात कोपर, कुठे नवरीच्या मागे अर्धी पाठ. रेश्मा म्हणाली, “आधारवरचाच मोठा करू.” मंडळाची दोन-चार पोरं, शेजारपाजारच्या बायका, तुमचे चुलतभाऊ, सगळे तिथे बसलेले. तेव्हा भिंतीला टेकलेल्या काकू बोलल्या.

“फोटू म्याडमकडं हाय.”

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

“ह्यांनी सांगून ठिवलंय. भिंतीम्होरं हुबं ऱ्हाऊन काडलेला हाय. म्हनले, म्याडमकडं नीट ऱ्हाईल, लागंल तवा मागून घे.”

मला कळायला क्षणभर वेळ लागला, आणि मग सगळंच एकदम कळलं. भिंतीचा शॉट चांगला लागलाय. तो शॉट एकच होता, तात्या. आधी भिंत, मग तुम्ही, मध्ये कट नाही. ट्रायपॉडवर स्वतः कॅमेरा लावून देणाऱ्या माणसाला हॉलमध्ये आठ सेकंदांत कळलं असणार की एका शॉटचं निम्मं कधी उडत नाही. कार्ड उडालं तर भिंतही उडते. ती तर पडद्यावर समोर उभी होती, त्याच उन्हात, आणि कापताना माझ्या लक्षातही आलं नव्हतं की शेवटच्या क्षणी तिच्या पायथ्याशी तुमची सावली शिरायला लागली आहे. दुसऱ्यांच्या चुका शोधणाऱ्या मला ती सावली तीन वर्षं दिसली नाही, नंतर फिल्म पुन्हा बघितली तेव्हा दिसली. तुम्ही तेव्हाच बघितलीत, मला व्हॅनमध्ये सांगितलंत, आणि मी थँक्यू म्हणाले.

लॅपटॉप माझ्या बॅगेत होता, हार्ड डिस्कही. बाहेर जाऊन फोटो काढून फ्लेक्सवाल्याच्या मोबाइलवर पाठवता आला असता. कुणी काही विचारलं नसतं. काकूंनीही नसतं. मी चपला घालायला उठले, अगदी खरं सांगते, उठले होते. मग ओसरीतल्या तुमच्या टेबलावर लॅपटॉप ठेवला आणि सगळ्यांसमोर तो शॉट लावला. रिकामी भिंत. मग तुम्ही आलात. थांबलात. वळलात. रेश्माने तोंडावर पदर घेतला. तुमचे चुलतभाऊ पुटपुटले, “आपलं वावर.”

मी सांगितलं. कार्ड उडालं नव्हतं, मी खोटं बोलले, हा शॉट माझ्याकडे होता, मी कापला. कार्ड पुसून दिलं तेही सांगितलं. तुम्ही चार संध्याकाळी इथे याच खुर्चीत बसला होतात, तेही.

मला वाटलं, काकू मला घराबाहेर काढतील. काढायला हवं होतं. काकू पडद्यावरच्या तुमच्याकडेच बघत होत्या.

“ठावं हाय,” त्या म्हणाल्या. “पुन्यास्नं आल्यावरच सांगितलं ह्यांनी. मी म्हनलं, चला, भांडूया तिच्यासंगं. तर हसाया लागले. म्हनले, ऱ्हाऊ दे. शॉट वाईट आस्ता तर फिलममदी ठिवला आस्ता तिनं.”

तात्या, तुम्ही शिवी दिली असतीत तर मी ती घेऊन कुठेतरी गेले असते. हे घेऊन कुठे जाऊ? तुम्ही माझी बाजू सोडली नाहीत. मी तर दोरीच कापून पल्याड पळाले होते, आणि तुम्ही अलीकडे तिथेच उभे होतात, तांदूळ घेऊन जा म्हणत.

फ्लेक्सवाल्याने तुमच्या मागे भिंतीऐवजी निळं आकाश टाकायचं म्हटलं. मी नको म्हटलं, काकूंनीही नको म्हटलं. खाली त्याने विचारल्या-न विचारल्यासारखं करून एक कमळ टाकलं आहे. ते राहू दिलं. ते बघून काकू पहिल्यांदा रडल्या.

मैत्रीण म्हणते, फिल्मला तो शेवट परत जोड, त्यांच्या नावाने. अजून जोडला नाही. जोडला तर फिल्म माझीच चांगली होणार, लोक मलाच शाबासकी देणार. नुसता तो शॉट, एवढाच, मी काकूंना पेनड्राइव्हवर दिला आहे. त्या तो टीव्हीवर लावतात आणि समोर बसून भाजी निवडतात.

तुमच्या एका बोलण्याचं उत्तरही द्यायचं राहिलं आहे. प्रेक्षकाला गोंधळात टाकायचं असेल तर काय, असं मी विचारलं होतं, आणि तुम्ही म्हणाला होतात, तुम्ही गोंधळात नाही ना ते आधी बघा. मी गोंधळात नव्हते, तात्या. मला नीट माहीत होतं मी काय करत होते.

ओसरीत जेमतेम वीस माणसं होती. तुम्ही ते कार्डाचं वाक्य त्याहून कितीतरी जास्त माणसांना सांगितलं होतंत, हंगामभर, चहाच्या आधी. त्यांच्यापर्यंत मला तुमच्याच रीतीने जायचं आहे, कट न मारता. म्हणून हे लिहून छापायला देते आहे. घोटावडे, लवळे, नांदे, भूगाव, जिथल्या जिथल्या माणसांपुढे तुम्ही मान खाली घालून बोललात त्या प्रत्येक घराने हे वाचावं: तात्यांचं कार्ड कधीच उडालं नव्हतं. त्यांच्या हातून एकही लग्न गेलेलं नाही.